वर्धापनदिनी पूजा हवी, आणि पवारणाही

सोलापूर शहरापासून एसटीने तासाभराच्या अंतरावर, ज्वारीच्या रानांना लागून असलेल्या एका माळावर, आमच्या भागातले एक लहानसे धम्म शिबिर केंद्र आहे. पत्र्याच्या छपराची दोन दालने, एक स्वयंपाकघर, लिंबाची दहाबारा झाडे आणि उन्हाळ्यात हमखास आटणारी एक बोअर, एवढाच त्याचा पसारा. वर्षातून काही वेळा येथे पंचवीस-तीस माणसे जमतात, आनापानसती (श्वासावरचे ध्यान) आणि मेत्ताभावना (मैत्रीची भावना वाढवणारे ध्यान) शिकतात, काही दिवस मौन पाळतात आणि पुन्हा आपापल्या कामाला लागतात. येत्या फाल्गुनात या केंद्राचा वर्धापनदिन आहे. तो कसा साजरा करावा, या एकाच प्रश्नावरून गेले दोन महिने कार्यकर्त्यांच्या बैठका रात्री उशिरापर्यंत लांबत आहेत. वरवर पाहता हा एका दिवसाच्या कार्यक्रमाचा प्रश्न आहे. परंतु सामूहिक विधीला धम्मात जागा आहे की नाही आणि असेल तर ती कोणती, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या प्रत्येक विहारापुढे या ना त्या रूपाने उभा आहे, म्हणून तो जाहीरपणे मांडणे मला आवश्यक वाटते.

बैठकीत तीन मते आहेत. काही जण म्हणतात, की आपण कर्मकांड सोडून आलेली माणसे आहोत, तेव्हा फुले, मेणबत्त्या आणि पाली गाथा यांत दिवस घालवण्यापेक्षा एखादे वैचारिक व्याख्यान ठेवावे. काही साधक म्हणतात, की हे ध्यानाचे केंद्र आहे, म्हणून सर्वांनी मिळून तासभर शांत बसावे आणि घरी जावे; त्याहून मोठा उत्सव तो कोणता? आणि बहुसंख्यांची इच्छा अशी, की मंडप घालावा, पाहुणे बोलवावेत, देणगीदारांना शाल-श्रीफळ द्यावे आणि संध्याकाळी भीमगीतांचा कार्यक्रम व्हावा. माझे मत या तिन्हींहून वेगळे आहे. वर्धापनदिनाच्या मध्यभागी सामूहिक पूजाच असली पाहिजे, आणि त्या पूजेच्या पोटात पवारणा असली पाहिजे, म्हणजे केंद्राने जमलेल्या लोकांसमोर बसून स्वतःचे दोष विचारून घेतले पाहिजेत, असे मला वाटते.

पहिल्या मताविषयी आधी बोलते, कारण त्यामागची वेदना खरी आहे आणि ती माझ्याही घरातली आहे. आमच्या जिल्ह्यात पंढरपूर आहे. तेथे चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीजवळ आहे, आणि ज्या विठ्ठलाचे अभंग चोखोबांनी रचले त्याच्या पायांपर्यंत त्यांच्या लोकांना जाता यावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. महाडला १९२७ च्या मार्चमध्ये माणसांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले, तर त्यानंतर त्या तळ्यात पंचगव्य ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आले. ज्या समाजाने विधी हा शब्द शतकानुशतके असा अनुभवला, ज्याला विधीने नेहमी बाहेर उभे केले, त्या समाजातल्या विचारी माणसाला उदबत्तीचा वास आला तरी संशय वाटावा, हे स्वाभाविक आहे. माझे वडील लग्नातल्या अक्षतांनाही हात लावत नसत, आणि त्यांचे ते वागणे मला आजही योग्यच वाटते.

परंतु संशय घेणे आणि सरसकट नाकारणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर बाबासाहेबांनी अतिशय काळजीपूर्वक राखले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा पुन्हा एकदा शांतपणे वाचाव्यात. श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, कोणतेही क्रियाकर्म ब्राह्मणाच्या हातून करवून घेणार नाही, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. सामूहिक विधी म्हणून काहीच करणार नाही, असे कोठेही म्हटलेले नाही. आणि तसे म्हणता येणे शक्यही नव्हते, कारण त्या प्रतिज्ञा स्वतःच एका विराट सामूहिक विधीत उच्चारल्या गेल्या होत्या. लाखो माणसे पांढरी वस्त्रे नेसून मैदानावर आली होती. बाबासाहेबांनी आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांनी आधी ज्येष्ठ भिक्खू चंद्रमणी महास्थवीरांकडून त्रिसरण-पंचशील घेतले आणि मग बाबासाहेबांनी स्वतः ते समोरच्या जनसमुदायाला दिले. माणूस घरी बसून, पुस्तक वाचून, मनातल्या मनात बौद्ध होऊ शकला असता. तरीही त्यांनी सर्वांना एकत्र बोलावले, उभे केले आणि एका आवाजात म्हणायला लावले.

त्यांनी हे केवळ गर्दीच्या उत्साहासाठी केले नाही. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात त्यांनी एक विलक्षण निरीक्षण नोंदवले आहे: संघात प्रवेश करणाऱ्यासाठी दीक्षेचा विधी होता, पण गृहस्थाने धम्म स्वीकारण्यासाठी स्वतंत्र दीक्षाविधी नव्हता, आणि ही उणीव गंभीर होती, भारतातून बौद्ध धर्म नाहीसा होण्याच्या कारणांपैकी ती एक होती. अशा विधीअभावी सामान्य उपासक एका धर्मातून दुसऱ्या धर्मात फिरत राहिला, असे त्यांचे म्हणणे आहे. आयुष्यभर कर्मकांडावर प्रहार करणारा माणूस एका धर्माच्या ऱ्हासाचे एक कारण म्हणून विधीच्या अभावाकडे बोट दाखवतो, याचा अर्थ आपण गांभीर्याने घेतलेला नाही. त्यांनी बौद्ध पूजापाठाचे संकलनही स्वतः केले. प्रकृती ढासळलेली, ग्रंथ पूर्ण व्हायचा, राजकारणाचे ओझे डोक्यावर, आणि तशात वंदनेच्या गाथा जुळवायला त्यांनी वेळ काढला. ज्यांना पूजा ही केवळ जुन्या सवयीची छाया वाटते, त्यांनी एवढ्यावर विचार करावा.

आपल्या पूर्वजांनी याचे उत्तर दगडात कोरून ठेवले आहे. लोणावळ्याजवळ भाजे येथे, लेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या शिबिर केंद्रात मी पहिल्यांदा शिबिराला गेले. इंग्लंडमध्ये जन्मलेले संघरक्षित १९५६ च्या डिसेंबरात, बाबासाहेबांच्या निधनाची बातमी आली त्या दिवशी नागपुरात होते आणि शोकाकुल लोकांच्या सभांमधून त्यांनी त्या वेळी धीर दिला. पुढे १९६७ साली लंडनमध्ये त्यांनी जी धम्म चळवळ सुरू केली, तिची शाखा १९७० च्या दशकाच्या अखेरीस पुण्यात रुजली आणि भाज्याचे केंद्र त्याच चळवळीचे. तिसऱ्या दिवशी आम्हाला लेण्यांवर नेले. चैत्यगृहाच्या दोन्ही बाजूंना आणि आसपास भिक्खूंच्या खोल्या आहेत. एकेक खोली एका माणसाला पुरेल एवढी, आत दगडी ओटा, दाराला जेमतेम वाकून जाण्याइतकी उंची. आणि मध्यभागी उंच कमानीचे चैत्यगृह, म्हणजे सामूहिक वंदनेचे दालन, त्यात स्तूप, आणि खांबांची रांग व भिंत यांच्यामध्ये प्रदक्षिणेची वाट. ज्यांनी हे खोदले त्यांना एकांत हवा होता, म्हणून त्यांनी खोल्या खोदल्या. पण एकांतासाठी जेवढा डोंगर फोडला, त्याहून कितीतरी अधिक कष्टाने त्यांनी सर्वांनी एकत्र येऊन वंदना करण्याची जागा घडवली. आमच्याजवळच धाराशिव जिल्ह्यात तेर येथे विटांचे, गजपृष्ठाकार छपराचे जे त्रिविक्रम मंदिर आहे, ते मुळात बौद्ध चैत्यगृह असल्याचे अभ्यासक मानतात. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात कनगनहळ्ळीच्या स्तूपावरच्या शिल्पपटांत हात जोडून उभी असलेली माणसे, स्त्रिया, मुले आहेत. सोलापूरच्या दोन्ही अंगांना ही साक्ष असताना, बौद्ध माणूस म्हणजे डोळे मिटून एकटा बसलेला माणूस, हे चित्र आपण कोठून आणले?

यावर साधक मंडळींचा आक्षेप वेगळा असतो आणि तो मला अधिक विचार करायला लावतो. ते म्हणतात, विधी वाईट नसेल, पण तो अनावश्यक आहे. ज्याला श्वास पाहता येतो त्याला फूल वाहण्याचे काय प्रयोजन? इगतपुरीच्या परंपरेतल्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात पूजा, मंत्रजप, उदबत्ती, माळ, सारे काही त्या काळापुरते बाजूला ठेवावे लागते, आणि त्या पद्धतीच्या प्रयोजनासाठी ते योग्यच आहे. कोणत्याही जातीधर्माचा माणूस तेथे संकोचाशिवाय येऊ शकतो, तो याच नियमामुळे. पण दहा दिवसांच्या शिबिराची शिस्त ही बाराही महिने जगणाऱ्या समाजाची रीत होऊ शकत नाही. शिबिर संपते, आणि मग माणसाला माणसांत राहावे लागते.

भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ असलेल्या विनयपिटकातील महावग्गात दोन कथा आहेत. ज्यांना वर्धापनदिनी केवळ मौन हवे आहे, त्यांना मी त्या बैठकीत सांगितल्या आणि येथेही सांगते. पहिली उपोसथाची, म्हणजे ठरल्या तिथींना एकत्र जमण्याच्या रीतीची. राजगृहात इतर पंथांचे परिव्राजक अष्टमी, चतुर्दशी आणि पौर्णिमेला जमून लोकांना आपला धर्म सांगत आणि लोकांचे त्यांच्यावर प्रेम जडे. हे पाहून राजा बिंबिसाराने बुद्धांना सुचवले, की आपल्या भिक्खूंनीही असे जमावे. बुद्धांनी ते मान्य केले आणि भिक्खू ठरल्या दिवशी जमू लागले. पण ते नुसते गप्प बसून राहत. धम्म ऐकायला आलेले लोक नाराज झाले आणि म्हणू लागले, हे मुक्या डुकरांसारखे गप्प काय बसले आहेत? बुद्धांनी लोकांना दोष दिला नाही. जमल्यावर धम्म बोला, असे त्यांनी भिक्खूंना सांगितले, आणि पुढे पातिमोक्खाचे, म्हणजे भिक्खूंच्या नियमांचे, सामूहिक पठण सुरू झाले. आज आपण पौर्णिमेला विहारात जे जमतो त्याचे मूळ येथे आहे, आणि ते सामान्य लोकांच्या एका रास्त तक्रारीत आहे.

दुसरी कथा मला अधिक जवळची वाटते. कोसल देशात काही भिक्खूंनी एकत्र वर्षावास केला, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने ते एका ठिकाणी राहिले. भांडणे होऊ नयेत, तीन महिने सुखाने जावेत म्हणून त्यांनी ठरवले, की एकमेकांशी बोलायचेच नाही. जो आधी भिक्षेहून येईल तो आसने मांडील, पाणी भरून ठेवील. मदत लागली तर हाताने खूण करायची, पण तोंड उघडायचे नाही. वर्षावास संपवून ते श्रावस्तीला आले आणि आपण किती गुण्यागोविंदाने राहिलो, हे त्यांनी कौतुकाने सांगितले. बुद्धांनी त्यांची कानउघाडणी केली. जनावरे एकत्र राहतात तसे तुम्ही राहिलात आणि त्याला सुखाचा सहवास म्हणता, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. मूकव्रताला त्यांनी मनाई केली आणि त्याच प्रसंगी पवारणेचा विधी घालून दिला: वर्षावासाच्या अखेरीस प्रत्येक भिक्खूने, सर्वांत ज्येष्ठापासून सुरुवात करून, संघासमोर उकिडवे बसावे, हात जोडावेत आणि विनंती करावी, की माझ्याबाबतीत तुम्हाला काही दिसले असेल, ऐकू आले असेल, शंका आली असेल, तर करुणेने मला सांगा, मला कळले की मी सुधारणा करीन.

या दोन्ही कथांमध्ये मौनाने जमलेल्या माणसांना बुद्ध तोंड उघडायला सांगतात, आणि तेही स्वैरपणे नव्हे, ठरलेल्या शब्दांत, ठरलेल्या दिवशी, सर्वांसमक्ष. मौनाची निंदा येथे नाही. आमच्या केंद्रात पहाटेच्या वेळी जी शांतता असते ती मला प्राणाइतकी प्रिय आहे. पण जे मौन एकमेकांना टाळण्यासाठी पाळले जाते ते मौन साधनेचे नसते, हे मी आमच्याच मंडळींमध्ये पाहिले आहे. एका शिबिराच्या हिशेबावरून दोन ज्येष्ठ कार्यकर्त्यांमध्ये दुरावा आला. दोघेही नियमाने ध्यानाला येत, एकाच रांगेत बसत, आणि एकमेकांशी अक्षर बोलत नसत. असे दीड वर्ष चालले. त्यांच्या ध्यानात काही कमी होते असे मी म्हणणार नाही. परंतु तो दुरावा मिटवायला जागा लागते आणि वेळ लागते, आणि ती जागा व ती वेळ आमच्या कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेत नव्हती.

संयुत्तनिकाय या सुत्तांच्या संग्रहात एक प्रसंग आहे. श्रावस्तीला पूर्वारामात पौर्णिमेच्या रात्री पाचशे भिक्खू जमले आहेत, पवारणेची वेळ आहे आणि सर्वप्रथम बुद्ध स्वतः विचारतात: माझ्या काया-वाचेच्या कोणत्या कृतीविषयी तुम्हाला दोष द्यायचा आहे का? त्यांचे शिष्य सारिपुत्त उठतात आणि सांगतात, की आम्हाला काही दोष दिसत नाही; मग ते स्वतः तोच प्रश्न बुद्धांना विचारतात. ज्याने मार्ग दाखवला तोच आधी विचारतो. आज जगात अनेक ठिकाणी बौद्ध संस्थांना आपल्या गुरूंच्या आणि चालकांच्या वर्तनामुळे मान खाली घालावी लागली आहे, आणि बहुतेक ठिकाणी दुःख हेच होते, की ज्यांना दिसले होते, ऐकू आले होते, शंका आली होती, त्यांना बोलण्याची जागा कोणी दिली नव्हती. पंचवीस माणसांचे केंद्र असो की पंचवीसशेंचे, वर्षातून एकदा तरी ही जागा असली पाहिजे, आणि वर्धापनदिनाहून योग्य दिवस मला दिसत नाही. संस्थेचे वय वाढले याचा आनंद करायचा, तर वाढत्या वयाबरोबर तिच्यात काय साचले तेही त्याच दिवशी पाहायला हवे.

पवारणा हा भिक्खूंचा विधी आहे, उपासकांनी तो का करावा, असे एका सरांनी बैठकीत विचारले. आपण भिक्खूंचा विधी जसाच्या तसा उचलू नये, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. संघाचे विनयकर्म आपण करत नाही. परंतु त्यामागची रीत गृहस्थांना परकी नाही. आठव्या शतकातल्या शांतिदेवांच्या बोधिचर्यावताराच्या आधाराने जी सप्तविध पूजा भाज्याला आणि तशा अनेक केंद्रांत म्हटली जाते, तिच्यात वंदना आणि शरणगमनानंतर पापदेशना येते, म्हणजे स्वतःच्या चुकांची कबुली, आणि लगेच पुण्यानुमोदना, म्हणजे दुसऱ्यांच्या चांगल्या कृत्यांबद्दल मनापासून आनंद. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. आधी स्वतःचे उणे सांगून मोकळे झाल्यावर दुसऱ्याचे चांगले पाहायला डोळे स्वच्छ होतात. सत्काराच्या कार्यक्रमात आपण नेमके याच्या उलट करतो: आपलेच चांगले दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो, आणि उण्याचा विषय निघत नाही.

फुलांचा विषय मात्र मला लांबवावासा वाटतो, कारण सर्वाधिक टीका त्यावरच होते. आपण विहारात बुद्धमूर्तीपुढे फूल वाहतो तेव्हा जी गाथा म्हणतो तिचा अर्थ किती जणांनी कधी नीट ऐकला आहे? ‘पुप्फं मिलायाति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं’: हे माझे फूल जसे कोमेजते, तशी ही काया नाशाकडे जाते. हे मागणे नव्हे. मुलाला नोकरी लागू दे, पाऊस पडू दे, असे या गाथेत काही नाही. हातातल्या वस्तूकडे पाहून स्वतःच्या नश्वरतेची आठवण करून घेणे, एवढेच आहे, आणि ध्यानाच्या दालनात आम्ही तासन्तास जे शिकतो ते याहून निराळे नाही. फाल्गुनात सोलापूरचे ऊन चढू लागते. सकाळी वाहिलेली शेवंती दुपारच्या जेवणापर्यंत माना टाकते. अनित्यतेचा इतका सरळ धडा कोणत्याही व्याख्यानात मिळत नाही. अट एकच, की गाथेचा अर्थ मराठीत, मोठ्याने, सर्वांना समजेल असा सांगितला गेला पाहिजे. अर्थ न कळता म्हटलेल्या गाथेला कोणी मंत्र समजले, तर दोष म्हणणाऱ्याचा नाही, शिकवणाऱ्याचा आहे.

आणि असे समजले जाते, हे मी नाकारत नाही. परित्राण पाठानंतर, म्हणजे रक्षणासाठी म्हटल्या जाणाऱ्या सुत्तांच्या पठणानंतर, मनगटाला बांधलेला पांढरा दोरा कित्येक घरांत ताईतासारखा जपला जातो. पाठाच्या वेळी ठेवलेले पाणी आजारी माणसाला औषध म्हणून पाजले जाते. ज्या दहा बंधनांतून सुटायचे असे बुद्धांनी सांगितले, त्यांतले तिसरे ‘सीलब्बतपरामास’ आहे, म्हणजे शील-व्रतांच्या बाह्य आचारानेच मुक्ती मिळेल असे मानून त्यांना चिकटून बसणे. हे बंधन खरे आहे आणि ते पूजेतून तयार होऊ शकते. परंतु ते ध्यानातूनही तयार होऊ शकते. इतके दिवस बसलो, इतकी शिबिरे केली, याचा हिशेब ठेवणारे साधक मी पाहिले आहेत. त्यांच्या बोलण्यात आणि दोरा जपणाऱ्या आजीच्या बोलण्यात मला फारसा फरक जाणवत नाही. फरक असेल तर इतकाच, की आजीला कोणी समजावून सांगितले नाही आणि साधकाला सांगितले गेले आहे.

बुद्धांच्या अखेरच्या दिवसांचे वर्णन करणाऱ्या महापरिनिब्बाण सुत्तात, कुसिनाऱ्याच्या सालवनात बुद्ध पहुडलेले असताना अकाली फुललेल्या सालवृक्षांची फुले त्यांच्या अंगावर गळतात. तेव्हा ते आनंदाला म्हणतात, की तथागताचा खरा सन्मान अशाने होत नाही. जो धम्माप्रमाणे जगतो तोच तथागताची सर्वश्रेष्ठ पूजा करतो. पूजेच्या विरोधकांचा हा आवडता दाखला आहे. पण त्याच सुत्ताच्या आरंभी वज्जी या गणराज्यातल्या लोकांचे उदाहरण देऊन बुद्ध सांगतात, की जोवर लोक वारंवार आणि मोठ्या संख्येने एकत्र जमतील, एकोप्याने बसतील आणि एकोप्याने उठतील, तोवर त्यांची वाढच होईल, हानी होणार नाही. आणि पुढे हीच गोष्ट ते भिक्खुसंघालाही लागू करतात. एका सुत्तातले शेवटचे पान वाचायचे आणि पहिले सोडून द्यायचे, असे आपण करू नये.

वारंवार आणि मोठ्या संख्येने, हे शब्द मला आमच्या वस्तीतल्या स्त्रियांची आठवण करून देतात, आणि माझ्या आग्रहाचे सर्वांत मोठे कारण त्या आहेत. आमच्याकडच्या कितीतरी बाया विड्या वळतात. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. पाने आणि तंबाखू आणायची, पाने भिजवायची, कापायची, वळायची, आणि वळलेला माल नेऊन द्यायचा. ज्या दिवशी हात थांबले त्या दिवशी मजुरी नाही. अशा बाईला दहा दिवसांचे शिबिर म्हणजे दहा दिवसांची कमाई सोडणे, आणि घर कोणावर सोपवायचे हा प्रश्न त्याहून मोठा. ती केंद्रात कधीच येऊ शकत नाही. पण वर्षावासात संध्याकाळी विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो तेव्हा पांढरी साडी नेसून तीच पहिल्या रांगेत असते, गाथा तिला तोंडपाठ असतात, आणि विहार झाडून घेण्यापासून मेणबत्त्या लावण्यापर्यंत सगळे तीच करते. आमच्या समाजात धम्म जिवंत राहिला आहे तो बराचसा या बायांच्या वंदनेमुळे. मग ज्या केंद्रासाठी त्यांनी मूठमूठ तांदूळ आणि पाच-पाच, दहा-दहा रुपये गोळा करून दिले, त्याच्या वर्धापनदिनी त्यांना येऊन काय करता येईल? व्याख्यान ठेवले तर त्या मागे बसून ऐकतील. तासभराचे मौन ठेवले तर त्या अवघडून बसतील, कारण ते त्यांना कोणी शिकवलेलेच नाही. सत्कार ठेवला तर टाळ्या वाजवतील. पूजा ठेवली तर मात्र त्या जाणकार असतील, त्यांचा आवाज सर्वांत मोठा असेल, आणि दरमहा शिबिराला जाणाऱ्या साधकाला त्यांच्यामागून गाथा म्हणावी लागेल.

ब्रिटनमध्ये संघरक्षितांच्या चळवळीतल्या स्त्रियांनी १९८५ साली तारालोक हे केवळ स्त्रियांसाठीचे शिबिर केंद्र उभे केले आणि त्या स्वतःच ते चालवतात. आमच्या बायांना तसे काही उभे करता येईल तो दिवस अजून दूर असेल, पण वर्षातला एक दिवस केंद्राचा ताबा त्यांच्या आवाजाकडे देणे आजच आमच्या हाती आहे.

सोलापूरला सामूहिक विधीची ताकद वेगळी सांगण्याची गरज नाही. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, तेव्हा ती उंच काठी तोलणाऱ्याकडे सगळे शहर श्वास रोखून पाहते. सहा डिसेंबरला बुधवार पेठेतल्या प्रेरणाभूमीवर बाबासाहेबांच्या अस्थींपुढे माणसे रांगेने येतात, काही न बोलता डोके टेकवतात आणि जातात. त्या रांगेत मी पन्नास वर्षे उभी राहत आले आहे, आणि माझी निष्ठा घडवण्यात त्या रांगेचा वाटा कोणत्याही पुस्तकाइतका आहे. एप्रिलमध्ये जयंतीची मिरवणूक निघते. तिच्यातल्या आवाजाच्या भिंतींविषयी माझी तक्रार आहे आणि ती मी मंडळांच्या मुलांना तोंडावर सांगते, पण मुलांना एकत्र यायचे आहे, अंगाने, आवाजाने, पावलांनी आपण कोण ते सांगायचे आहे, ही त्यांची भूक मला खोटी वाटत नाही. ध्यानकेंद्राने या भुकेला काहीच दिले नाही, तर ती जिथे भागेल तिथे भागवली जाईल.

दोन महिन्यांच्या चर्चेनंतर कार्यक्रमाचा मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. सकाळी पंचरंगी ध्वज, मग त्रिसरण-पंचशील. फुलांची परडी कोणी एकाने नेऊन मूर्तीपुढे ठेवायची नाही. ती शेवटच्या रांगेपासून हातोहात पुढे येईल, म्हणजे जमलेल्या प्रत्येक हाताचा तिला स्पर्श होईल. प्रत्येक गाथेनंतर तिचा मराठी अर्थ विहारातल्या बाया सांगतील. त्यानंतर वर्षाचा जमाखर्च, एकेक रक्कम मोठ्याने वाचून. शाल-श्रीफळ नाही, हे वाक्य मसुद्यात ठेवायला मला तीन बैठका भांडावे लागले. पाहुण्यांचे एकच भाषण, तेही अर्ध्या तासाचे. मग पवारणा, मग दहा मिनिटांचे मौन, आणि मग सर्वांची एकाच पंक्तीत जेवणे. मौन पवारणेनंतर ठेवले आहे, आधी नाही, आणि ते तसेच राहावे असा माझा आग्रह आहे.

पवारणेत जुन्या रीतीप्रमाणे सर्वांत ज्येष्ठ, म्हणजे केंद्राचे अध्यक्ष, खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसतील आणि विचारतील. त्यांनी हे मान्य केले, याबद्दल मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे. कोणीच उठून बोलले नाही तर काय, ही शंका शेवटच्या बैठकीत निघाली. मोठ्या माणसाचा दोष चारचौघांत सांगायची आपल्याकडे सवय नाही, त्यामुळे शंका रास्त होती. म्हणून दुसऱ्या दिवशी मी केंद्रात पहिल्या शिबिरापासून स्वयंपाक करणाऱ्या मावशींकडे गेले आणि त्यांना काही सांगायचे आहे का ते विचारले. बराच वेळ त्या भाकरी थापत राहिल्या. मग म्हणाल्या, की इतकी शिबिरे झाली, हजारो माणसे जेवली, पण ध्यानाच्या दालनात मला एकदाही कोणी बोलावले नाही. चुलीपुढून उठायला सवडच कोणी दिली नाही. हे असे तिथे सगळ्यांपुढे बोललेले चालेल का, असे त्यांनी विचारले. मी सांगितले, की तो सगळा कार्यक्रमच त्यासाठी आहे. तेव्हा हाताचे पीठ झटकत त्या म्हणाल्या, ‘बाई, मग कागदावर लिहून द्या. ऐन वेळेला माझी वाचा बसायची.’ मी लिहून दिले आहे, आणि त्या दिवशीच्या स्वयंपाकाची पाळी आम्ही बैठकीतल्या सात जणांनी आपल्याकडे घेतली आहे.